गजालीतून कागदावर: घडलेली गोष्ट लिहायची कशी

घरापुढच्या खळ्यात बसून सांगितलेली गजाल, म्हणजे गप्पांत रंगलेली गोष्ट, ऐकणाऱ्याला जागचं हलू देत नाही. तीच गजाल सांगणाऱ्याने स्वतः लिहून काढली की चार ओळींतच तिचा जीव जातो. कोकणात लिहू पाहणाऱ्या बहुतेकांना हा अनुभव येतो, आणि आपल्याला लिहिता येत नाही असं समजून माणूस वही मिटून टाकतो. खरी अडचण वेगळीच असते. सांगताना निम्मं काम आवाज करतो, हात करतात, मध्येच घेतलेला दम करतो. कागदावर यातलं काहीच नसतं, आणि त्यांच्या जागी काय आणायचं हे आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं.

शिवाय खळ्यातल्या मंडळींना सगळं आधीच ठाऊक असतं. ‘वरच्या वाडीतली विहीर’ म्हटलं की ती कुठली, तिच्या पाण्यावरून कुणाचं कुणाशी वाजलं, हे सांगावं लागत नाही. डोंबिवलीत लोकलमध्ये उभ्याने वाचणाऱ्याला ती विहीर दिसत नाही. मग नवा लेखक एकतर काहीच सांगत नाही, नाहीतर विहीर, वाडी आणि चार पिढ्यांचा इतिहास सांगून मग गोष्टीला हात घालतो. तोवर वाचणारा पुढच्या स्टेशनला उतरून गेलेला असतो.

स्वतःच्या आयुष्यात खरंच घडलेला एखादा प्रसंग ७०० ते १००० शब्दांत कसा लिहावा, एवढ्यापुरतंच इथे बोलायचं आहे. आत्मचरित्रात सगळं आयुष्य येतं, इथे एखादी दुपार येते. कथेत नसलेलं घडवायची मुभा असते, इथे ती नाही. ललित लेखात मनातले विचार पुरतात, इथे मात्र काहीतरी घडावं लागतं.

कुठला प्रसंग?

बहुतेक जण सुरुवातीला आयुष्यातली सर्वांत मोठी घटना निवडतात. वडिलांचं जाणं, पूर, घर विकलं तो दिवस. माझं मत असं की सुरुवात तिथून करू नये. मोठ्या घटनेबद्दल काय वाटायला हवं हे वाचकाला आधीच माहीत असतं, आणि लिहिणाराही नकळत तेच शब्द वापरतो जे सगळे वापरतात: डोळ्यांत पाणी तरळलं, पायाखालची जमीन सरकली. त्यापेक्षा मोठ्या घटनेच्या कडेला पडलेली एखादी लहान गोष्ट घ्यावी, जी उगाचच पुन्हा पुन्हा आठवते. का आठवते ते कळत नसेल तर जास्तच चांगलं. लिहिता लिहिता ते कळतं, आणि आपल्याला कळतं तेव्हाच वाचणाऱ्यालाही कळतं.

प्रसंग कितीही लहान चालेल, पण त्यात काहीतरी हललं पाहिजे. कुणीतरी काहीतरी ठरवलं, कुणाबद्दलचा समज बदलला, हो म्हणायच्या जागी कुणी गप्प बसलं. ‘आम्ही मे महिन्यात गावी जायचो, आंबे खायचो, खाडीत डुंबायचो’ हे सुखाचं वर्णन आहे, गोष्ट नाही. ज्या एका मे महिन्यात डुंबायला जायचं बंद झालं, त्या महिन्यात गोष्ट आहे.

दापोलीजवळच्या मुरूडचे धोंडो केशव कर्वे पाहा. स्त्रियांसाठी विद्यापीठ काढलेला, १९५८ साली भारतरत्न मिळालेला माणूस. त्यांचं ‘आत्मवृत्त’ १९१५ साली निघालं. त्यांच्या आयुष्यातला जो प्रसंग कोकणात आजही सांगितला जातो, तो मात्र एका नकाराचा आहे. मुलगा सरकारी परीक्षेला बसायला मुरूडहून सह्याद्री ओलांडून पायी साताऱ्याला जातो, आणि तिथे त्याला सांगतात, तू लहान दिसतोस, तुला बसता येणार नाही. एवढंच. इतकी पायपीट, आणि शेवटी समोरच्या साहेबाची एक नजर. यात वर्णनाची गरजच पडत नाही. सतरा वर्षांच्या मुलाला परत त्याच वाटेने घरी चालत यायचं आहे, हे वाचणाऱ्याला आपोआप दिसतं.

एक मिनिट मोठं, दहा वर्षं छोटी

आता प्रत्यक्ष लिहिण्याकडे येऊ. पुढचा प्रसंग पद्धत दाखवण्यापुरता मी रचलेला आहे, खरा नाही. पण अशी वाटणी पाहिली नाही असं घर कोकणात क्वचितच सापडेल. पहिल्या खर्ड्यात तो सहसा असा उतरतो:

‘मी लहान असताना आमच्या घराची वाटणी झाली. सगळ्यांना फार वाईट वाटलं. आजी तर आतून पूर्णपणे कोसळली. एकत्र कुटुंबाचं सुख कायमचं हरपलं.’

चार वाक्यं, आणि एकही माणूस दिसत नाही. आता तेच थोडं जवळ जाऊन:

‘पडवीपासून मागल्या दारापर्यंत काकांनी सुंभ धरला. दुसरं टोक माझ्याकडे दिलं आणि म्हणाले, ताणून धर. सुंभ वळईतून माजघरात आला, माजघरातून स्वयंपाकघरात, आणि बरोबर पाट्यावर आला. आजी पाट्याशी बसून मसाला वाटत होती. काका म्हणाले, “आये, वायच सर गो.” आजीने मान वर केली नाही. “वाटाप वाटून होवंदे, मगे उठतंय.” काका थांबले. पंच थांबले. वरवंट्याचा आवाज तेवढा चालू राहिला. सुंभ सैल पडला तर मला ओरडा बसेल म्हणून मी तो दोन्ही हातांनी धरून उभा होतो.’

इथे ‘वाईट वाटलं’ हे शब्द कुठेच नाहीत. आजी कोसळली की नाही, तेही लिहिलेलं नाही. ती मसाला वाटत राहिली, एवढंच दिसतं. मुलगा बाजूला उभा राहून बघत नाही, घर कापणाऱ्या सुंभाचं एक टोक त्याच्याच हातात आहे. हे शेवटचं फार महत्त्वाचं. आपल्या गोष्टीत आपण स्वतः काय करत होतो हे लिहायचं राहून जातं. आपण इतरांचं वर्णन करत सुटतो आणि स्वतः कुठेतरी भिंतीआड उभे राहतो. खऱ्या गोष्टीत ‘मी’ला हातपाय हवेत.

वेळेचा हिशेबही बघा. वाटणी होईपर्यंत त्या घरात कैक वर्षं धुसफूस चालली असेल. सातबाऱ्यावर डझनाहून जास्त नावं, मुंबईतले हिस्सेदार, तलाठ्याकडचे हेलपाटे. ते सगळं एका वाक्यात उरकता येतं: ‘सातबाऱ्यावर सतरा नावं होती आणि त्यातली पाच एकमेकांशी बोलत नव्हती.’ आजीने मान वर न करता घालवलेल्या त्या मिनिटाला मात्र अर्धं पान द्यायचं. नवा लेखक नेमकं उलट करतो. भांडणाचा इतिहास दोन पानं, आणि आजी एका ओळीत.

बारकावे किती द्यायचे, असं बरेच जण विचारतात. जो बारकावा फक्त त्याच घरात, त्याच दिवशी असू शकतो तो ठेवावा. लाल माती, हिरवीगार झाडी आणि गाज देणारा समुद्र काढून टाकावा, कारण तो कुणाच्याही गोष्टीत बसतो. कोकणाबद्दल लिहिताना हा मोह जरा जास्तच होतो. आपला प्रदेश देखणा आहे, आणि त्याच्या देखणेपणामागे आपण माणसं लपवतो.

आठवणीवर किती विश्वास ठेवायचा?

आता अवघड भाग. गोष्ट खरी असं आपण म्हणतो तेव्हा ती आपल्याला आठवते तशी असते. आठवण मात्र डब्यात ठेवलेल्या वस्तूसारखी जशीच्या तशी राहत नाही. दर वेळी आठवताना मेंदू ती नव्याने जुळवतो, आणि जुळवताना मधली भोकं अंदाजाने बुजवतो.

२८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर हे अमेरिकी अंतराळयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत फुटलं. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ उलरिक नायसर यांनी दुसऱ्याच दिवशी सकाळी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं, की ही बातमी तुम्हाला कुठे, कुणाकडून, काय करत असताना कळली. सुमारे अडीच वर्षांनी त्याच विद्यार्थ्यांना पुन्हा तेच विचारलं. बऱ्याच जणांचं उत्तर बदललं होतं, आणि साधारण चौथा हिस्सा विद्यार्थ्यांचं तर सगळंच चुकलं होतं. तरीही अनेकांना आपल्या आठवणीची पक्की खात्री होती. त्यांच्याच हस्ताक्षरातला जुना कागद समोर ठेवला, तरी जुनी आठवण परत आली नाही.

याचा अर्थ आपण खोटं बोलतो असा नाही. ठळक आठवते म्हणून ती अचूक असेलच असं नाही, इतकाच अर्थ. चिपळुणात दोन मोठे पूर लोकांच्या मनात आहेत, एक जुलै २००५ चा आणि एक २२ जुलै २०२१ चा. दोन्ही जुलैतले, दोन्ही वाशिष्ठी नदीचे. पहिल्या पुरात माळ्यावर चढवलेली ट्रंक दुसऱ्या पुराच्या गोष्टीत सहज येऊन बसते. निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० रोजी भरदुपारी रायगडच्या किनाऱ्यावर आलं. पण वादळानंतर कित्येक दिवस गावांत वीज नव्हती, म्हणून एखाद्याच्या आठवणीत कौलं काळोखातच उडतात.

यावर उपाय आहे, आणि तो कोकणात तर फारच सोपा आहे, कारण इथे जवळजवळ प्रत्येक गोष्टीला साक्षीदार असतो. समुद्राचंच घ्या. पौर्णिमा आणि अमावास्येला आपल्या किनाऱ्यावर भरती दुपारी आणि मध्यरात्री अकरा-बाराच्या सुमारास पूर्ण भरते, आणि सकाळ-संध्याकाळी सहाच्या आसपास ओहोटी असते. अष्टमीला भांग, म्हणजे पाण्याची चढउतार कमी. जुनी माणसं तिथीला पाऊणने गुणून भरतीचा तास काढतात. आता कुणी लिहिलं, ‘कोजागरीच्या संध्याकाळी सात वाजता लाटा थेट सुरूच्या बनात शिरल्या होत्या’, तर किनाऱ्यावरचा कुठलाही माणूस तिथेच थांबेल. त्या वेळी पुळण, म्हणजे किनाऱ्यावरची वाळू, उघडी असते. मग एकतर तिथी चुकली किंवा वेळ चुकली, किंवा दोन वेगळे दिवस आठवणीत एक झाले. जुनं पंचांग उघडलं की कळतं.

अशाच आणखी खुणा. कोकण रेल्वेचा पूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी सुरू झाला. काही टप्पे त्याच्या थोडे आधी सुरू झाले होते, पण १९९० च्या मे महिन्यात तुम्ही मुंबईहून कणकवलीला रेल्वेने उतरला असाल तर काहीतरी गडबड आहे. यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते, म्हणून जुलैत ट्रॉलरवर गेल्याचा प्रसंग पुन्हा तपासा. शाळेचा दाखला, रेशनकार्डावरच्या नोंदी, लग्नपत्रिका, मुंबईहून आलेली मनीऑर्डर, फोटोच्या मागे पेन्सिलीने घातलेली तारीख, हे सगळं कामाचं. तपासलेलं सगळं गोष्टीत घालायचं नसतं. पण तपासताना हमखास एखादी विसरलेली गोष्ट हाताला लागते, आणि बऱ्याचदा तीच गोष्टीचा कणा होते.

जे तपासूनही कळत नाही त्याचं काय? ते तसंच लिहायचं. ‘आजी त्या दिवशी कुठलं लुगडं नेसली होती ते मला आठवत नाही, आईला हिरवं आठवतं’ हे वाक्य गोष्ट कमकुवत करत नाही. उलट पुढचं सगळं वाचक जास्त विश्वासाने वाचतो. संवाद शब्दशः आठवत नसतील तर जे एखादं वाक्य कानात पक्कं आहे तेवढंच अवतरणात घ्यावं आणि बाकीचं आपल्या शब्दांत सांगावं. लुगड्याला रंग देण्यासाठी मनाने हिरवा लिहायचा नाही. इथे मी ठाम आहे. एकदा एक गोष्ट घडवायची सवय लागली की पुढे सोयीची पात्रंही घडायला लागतात.

ऐकीव गोष्टींचं जरा वेगळं असतं. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली रामदास बोट बुडाली आणि ६०० हून जास्त माणसं गेली. रायगड जिल्ह्यात असं कुणीतरी भेटतंच, ज्याचे आजोबा त्या दिवशी बोटीवर चढणार होते आणि कशानेतरी राहिले. ते खरं असेलही. पण नातवापाशी खरी घटना कोणती आहे? आजोबा ही गोष्ट सांगायचे, ही. कधी सांगायचे, कुणाला, सांगताना मध्येच का उठून जायचे, पुढे कधी बोटीत बसले की नाही, हे नातवाने पाहिलेलं आहे. तेवढं त्याने छातीठोकपणे लिहावं. बोटीवरचा प्रसंग मात्र ‘आजोबा सांगायचे’ या दोन शब्दांच्या आतच ठेवावा.

गाव राखतात असं मानले जाणारे राखणदार आणि देवचार, तसाच देवाचा कौल, यांनाही हेच लागू. ‘राखणदाराने रात्री वाट दाखवली’ असंही लिहू नये आणि ‘अंधश्रद्धेमुळे त्यांना तसं वाटलं’ असंही नाही. वडील काय बोलले, वाटेत कुठे थांबले, दुसऱ्या दिवशी कुणाला नारळ दिला, हे लिहावं. विश्वास कितपत ठेवायचा ते वाचणारा पाहील.

बोलीबद्दल थोडक्यात. पात्रं ज्या बोलीत बोलली त्याच बोलीत बोलावीत: मालवणी, संगमेश्वरी, आगरी, जी असेल ती. निवेदन स्वतःच्या रोजच्या मराठीत. पण ‘मगे’, ‘वायच’, ‘होवंदे’ असे दोनचार शब्द कानाला ठेका द्यायला पुरतात. पान पानभर बोली उच्चारानुसार लिहिली तर लातूरचा वाचक अडखळतो, आणि गावातलं माणूस हसण्यापुरतं उरतं. बोली विनोदासाठी वापरायची सवय आपल्याला रंगमंचाने लावली आहे. रडतानाही माणसं त्याच बोलीत रडतात.

गोष्ट आपली, माणसं दुसऱ्यांची

गावाबद्दल लिहिणाऱ्याला हा प्रश्न टाळता येत नाही. शहरात नाव बदललं की माणूस लपतो. चाळीस उंबऱ्यांच्या वाडीत ‘पोस्टमनची थोरली सून’ म्हटलं की संपलं. नाव बदलल्याने काही होत नाही, खुणा बदलाव्या लागतात, आणि खुणा बदलल्या तर तसं वाचकाला एका ओळीत सांगावं लागतं.

कायद्याची बाजूही माहीत असावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत मानहानीचा गुन्हा कलम ३५६ मध्ये आहे. पूर्वी तो भारतीय दंड संहितेच्या कलम ४९९ आणि ५०० मध्ये होता. पुष्कळांना वाटतं, खरं आहे ना, मग कसली भीती? या कलमाखाली नुसतं खरं असणं पुरत नाही, ते छापणं लोकहिताचंही असावं लागतं. गेलेल्या माणसाबद्दलचं लिहिणंही, घरच्यांना दुखवायच्या हेतूने असेल तर, यात येऊ शकतं. लैंगिक अत्याचार सोसलेल्या व्यक्तीची ओळख उघड करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, आणि लहान मुलांच्या बाबतीत पॉक्सो कायद्याचे नियम आणखी कडक आहेत.

कायद्यापलीकडचं मला अधिक महत्त्वाचं वाटतं. ज्या माणसाबद्दल लिहिलंत त्याला ते छापण्याआधी वाचून दाखवा. पाठवू नका, शेजारी बसून वाचून दाखवा. काकांनी सुंभ धरला हे खरं असेल, पण त्या दिवशी सुंभ धरायला पंचांनी त्यांनाच का सांगितलं, हे तुम्हाला नऊ वर्षांचे असताना माहीत नव्हतं. कदाचित ते आता सांगतील. कदाचित म्हणतील, हे छापू नको. आपल्याला दुखावणाऱ्याबद्दल लिहिताना ही पायरी जमत नाही, आणि तिथे ती मागणंही अन्यायाचं आहे. मारहाण सोसलेल्या बाईने मारणाऱ्याची परवानगी घ्यायची नसते. पण ज्यांच्याशी आपलं भांडण नाही, त्यांच्याकडून एवढं तरी घ्यावं.

या गणपतीत

चतुर्थीला चाकरमानी गावी येतात तेव्हा तुमच्या गोष्टीचे सगळे साक्षीदार एका घरात, एका पंगतीला असतात. अशी संधी पुन्हा वर्षभर मिळत नाही. गोष्ट आधी एका बैठकीत, कुणालाही न विचारता, आपल्या आठवणीतून लिहून काढा, म्हणजे दुसऱ्याची आठवण तुमच्या आठवणीवर चढणार नाही. पहिला परिच्छेद काढून टाकून पाहा; बहुतेक वेळा गोष्ट दुसऱ्या किंवा तिसऱ्या परिच्छेदातच सुरू झालेली असते. शेवटी आपण काय शिकलो ते सांगणारी ओळ असेल तर तीही खोडा. मग आरत्या आटोपल्यावर, भजनी मंडळी यायच्या आधी, एकेकाला वेगवेगळं गाठा. सगळ्यांसमोर विचारलंत तर घरातला मोठा माणूस बोलेल आणि बाकीचे माना डोलावतील.

‘तेव्हा तुला कसं वाटलं?’ असं विचारू नका, त्याला ‘वाईट वाटलं’ हेच उत्तर येतं. विचारा, तू कुठे बसली होतीस? हातात काय होतं? त्या दिवशी जेवायला काय होतं? चूल कुणी पेटवली? वाटणी झाल्यावर त्या रात्री कोण कुठे झोपलं? आणि बहिणीने तुमच्यापेक्षा वेगळं सांगितलं तर तिला दुरुस्त करू नका. तारीख घालून तिचं म्हणणं वहीच्या उजव्या पानावर लिहा. तुमचं डाव्या पानावर आहेच.